मधल्या मजल्यावर साचलेलं

बाळांनो, जरा डोळे मिटा पाहू. मिटलेत? आता एक चाळ डोळ्यांसमोर आणा. लालबागेत असते तशी तीन मजल्यांची नको, चांगली बेचाळीस मजल्यांची, आणि इतकी अरुंद की एका मजल्यावर एकच खोली. जिना नाही. प्रत्येक मजल्याच्या जमिनीला चाळणीसारखी भोकं आणि त्या जमिनीवर चार बोटं पाणी, तेही रटरट उकळणारं. तळाशी कुणीतरी सारखी वाफ सोडतंय. ती वाफ भोकांतून वर चढते, वरच्या मजल्यावरच्या पाण्यातून बुडबुडत निघते, तिथून आणखी वर. वरचं पाणी मात्र कडेच्या नळीतून एकेक मजला खाली उतरतं. म्हणजे प्रत्येक मजल्यावर चढणारे आणि उतरणारे एकमेकांना भेटतात. भेटले की देवघेव आलीच. जो अंगाने हलका तो वाफेचा हात धरून वर जातो, जो जड तो पाण्याबरोबर खाली. बेचाळीस वेळा अशी निवड झाली की तळातून निघतं नुसतं पाणी, आणि गच्चीवरून निघते दारू. मका नाहीतर तुकडा तांदूळ आंबवून काढतात ती धान्याची व्हिस्की. हसू नका, डोळे मिटलेलेच ठेवा. दारू वाईटच, पण ती ज्या मनोऱ्यातून निघते त्यातलं गणित वाईट नसतं, आणि मला तुम्हांला गणितच दाखवायचं आहे. तर आता सांगा, समजा त्या चाळीत एखादा असा शिरला, की जो धड हलका नाही आणि धड जडही नाही. तो कुठे जाईल?

मेघनाला हा प्रश्न बुधवारी सकाळी सव्वादहा वाजता केळ्यांनी विचारला.

लालबागेत मसाल्याच्या दुकानांपुढून चालताना नाकाला दुसरं काही सुचत नाही. मसाला कुटायचे डंक धपधप पडत असतात, मिरचीची भुकटी उन्हात तरंगत असते, नव्या माणसाला तिसऱ्या पावलाला शिंक येते. मेघना इथेच जन्मली, वाढली, तिला शिंक कधी आली नाही. त्या ओळखीच्या तिखट हवेला चिरून अचानक एक गोडसर, तेलकट, डोक्यात चढणारा वास आला आणि तिचे पाय थांबले. पुलाखाली केळीवाली मालन बसली होती. काल विकली न गेलेली वेलची केळी तिने उन्हात मांडली होती. साली काळ्या पडलेल्या, देठाशी फुटलेल्या. मालन म्हणाली, "घे गं बाय, डझनभर घेऊन टाक. दिसायला काळी हायत, आतून साखर हाय साखर." मेघनाने ऐकलं नाही. ती आठ वर्षांपूर्वीच्या एका दुपारी उभी होती, घाटावरच्या एका दारूच्या कारखान्यात, आणि चिंतामणी नावाचा म्हातारा कामगार बाटलीचं बूच काढून तिच्या नाकाखाली धरत होता. "हुंगा मॅडम. पुस्तकात नाय घावायचं हे. मधल्या मजल्यावरचं हाय." तिने हुंगलं होतं, आणि पिकून सडलेली केळी, नखांचा रंग पुसायचं पाणी, आणि त्याखाली कसलातरी घुसमटवणारा तेलकटपणा, असं सगळं एकदम डोक्यात गेलं होतं. संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकत होतं. चिंतामणी पोट धरून हसला होता. कारखान्यात मधल्या मजल्यावरच्या या मंडळींना फ्यूजल तेल म्हणतात. धान्य आंबवलं की हजारात दोन-तीन भाग ते होतंच होतं. वर जायला जड, खाली जायला हलकं. मग मधल्याच कुठल्यातरी मजल्यावर साचत राहतं, आणि वेळेवर काढलं नाही तर अख्ख्या चाळीचं चढणं-उतरणं तुंबवून टाकतं. ते काढायला मनोऱ्याच्या अंगाला एक भोक ठेवतात. नेमकं कुठल्या मजल्यावर ठेवायचं, यालाच अक्कल लागते. चिंतामणीच्या मनोऱ्याला चार मजल्यांवर चार भोकं होती, चारींना चार कॉक, म्हणजे तोट्या, आणि तो रोज सकाळी नाकाने ठरवायचा की आज कुठलं उघडायचं.

मेघनाच्या मनोऱ्याला नकाशात एकच भोक होतं. चौदाव्या मजल्यावर. आणि चौदाव्याच का, हे पुलाखाली उभं राहून तिला आठवेना.

आठवेना म्हणजे, आठवत होतं, पण ते आठवू नये असं वाटत होतं. असं तुमचंही होतं ना, पेपर देऊन बाहेर पडल्यावर मागच्या पानावरचा प्रश्न आठवतो तसं? मेघनाचं काम असले मनोरे बांधण्याचं, पण विटांनी नव्हे, संगणकात. परळच्या ऑफिसात बसून ती आधी नावांची यादी करायची: पाणी, दारूचा अर्क, आणखी दोन हलके वायू, आणि पाचवं हे तेल. मग मजले मांडायचे, वाफ सोडायची आणि संगणकाला म्हणायचं, सांग बाबा, प्रत्येक मजल्यावर कोण किती. तो बिचारा आधी अंदाज घेतो. मग हिशेब तपासतो, चूक किती उरली बघतो, अंदाज सुधारून पुन्हा तपासतो. चूक कमी होत होत नाहीशी झाली की पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका येतो. 'जुळला' म्हणतात त्याला ऑफिसात. नाही जुळला तर लाल. तीन आठवड्यांपूर्वी, एका मंगळवारी दुपारी, तिचा मनोरा काही केल्या जुळत नव्हता. आबांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, खुब्याचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. त्यांची देखभाल करायला ती आणि तिची नऊ वर्षांची मुलगी श्रेया मुलुंडचं घर नवऱ्यावर, विकासवर, सोडून महिन्याभरासाठी लालबागच्या चाळीत राहायला आल्या होत्या, आणि मेघना पलंगाच्या कडेला बसून मांडीवर काम करत होती. तिने वाफ वाचवण्याची एक नवी जोडणी केली होती. एका मनोऱ्याच्या गच्चीवरची गरम वाफ दुसऱ्या मनोऱ्याच्या तळाला पोचवायची, म्हणजे एकाच वाफेकडून दोनदा काम. त्यासाठी दोन्हीकडचे दाब बदलावे लागले आणि दाब बदलल्यावर सगळंच बिनसलं. लाल, लाल, लाल. अठराव्या लालनंतर तिने यादीतलं पाचवं नाव काढून टाकलं. दोन मिनिटांसाठी. चौघांचं जुळतंय का बघू, मग पाचव्याला परत घालू, असं म्हणून. आणि ठिपका हिरवा झाला. तेवढ्यात आबा पलंगावरून ओरडले, "मेघना, वाफ गळता!" कुकरची रिंग सरकली होती, शिट्टीऐवजी कडेने फुसफुस चालली होती. ती धावली. गॅस बंद केला, रिंग बसवली, डाळ पुन्हा लावली, श्रेयाला अभ्यासाला बसवलं, आबांना गोळ्या दिल्या. परत येऊन बघितलं तर पडद्यावर हिरवा ठिपका होता. हिरवा म्हणजे झालं. तिने तो हिशेब पाठवून दिला. चौदावा मजला हा जुन्या दाबाच्या वेळचा आकडा, तो नकाशात तसाच राहिला.

त्या हिशेबाचं किती कौतुक झालं होतं! शंभर भाग वाफ लागायची तिथे एकोणसत्तर पुरणार होती. बैठकीत दारूच्या कारखान्याचे मालक म्हणाले होते, चार भोकं ठेवायची आमच्याकडे रीत आहे. आणि मेघनाने उभं राहून, स्वतःच्या हाताने फळ्यावर चार भोकं काढून, त्यातली तीन पुसली होती. "सिम्युलेशन असताना अंदाजाने भोकं कशाला पाडायची? एक पुरे. मी सांगते कुठे." आता ते वाक्य तिच्या कानात तिच्याच आवाजात, जरा किनऱ्या, जरा शहाण्या, पुन्हापुन्हा वाजू लागलं. मी सांगते कुठे. आज तळोज्याला, मनोरा घडवत होते त्या कारखान्यात, त्याच्या पत्र्याला ते भोक पाडणार होते. बारा वाजता. तिच्या ऑफिसातला वरिष्ठ, फ्लॉयड, गिरगावातल्या वाडीत राहणारा, तपासणीसाठी सकाळीच तिकडे गेला होता. एकदा पत्रा कापला, नळी जोडली, झाळलं, की मग तो मनोरा सहज उघडता येत नाही. भोक चुकीच्या मजल्यावर पडलं तर तेल साचणार, मनोरा तुंबणार, तो रेटायला कामगार जास्त वाफ सोडणार, वाचवलेली सगळी वाफ जाणार, वर दारूला तो केळ्यांचा वास. आणि चिंतामणीसारखा कुणीतरी म्हातारा कॉक शोधत मनोऱ्याभोवती फिरणार, आणि कॉक नसणार.

तिने फ्लॉयडला फोन लावला. लागेना. त्या शेडमध्ये पत्र्याखाली फोन लागत नाही हे तिला ठाऊक होतं. मग तिने लिहिलं, 'कटिंग थांबव.' पुसलं. 'फ्लॉयड, एक छोटीशी शंका आहे.' पुसलं, कारण छोटीशी नव्हती. तिला स्वतःची गंमत वाटली, तशा घाबरलेल्या अवस्थेतही: चूक कबूल करायची आहे आणि आपण वाक्याचा भांग पाडतोय. शेवटी लिहिलं, 'कटिंग थांबव. माझी चूक आहे. जागा कळवते.' एक बरोबरची खूण आली, दुसरी येईना. ऑफिस तिथून वीस मिनिटांवर, चाळ पाच. शिवाय ऑफिसात तिच्या पाठीमागे बाराजण बसत. त्या बाराजणांसमोर लाल ठिपका बघायची तिची तयारी नव्हती. ती मागे वळली. मालन म्हणाली, "अगं बाय, हुंगून हुंगून वास संपिवलास, आता घे तरी!" मेघनाने डझनभर केळी घेतली. का, ते तिलाही कळलं नाही.

चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर गॅलरीत श्रेया नळाच्या पाइपाला कान लावून उभी होती. म्हणजे कान नव्हे, आबांचा दांडा. आबा, दौलत घाडी, गिरणीत एकतीस वर्षं बॉयलरवर होते. हातभर लांबीचा एक लोखंडी पेचकस, लाकडी मुठीचा, एवढीच त्या काळातली वस्तू त्यांनी घरी आणलेली. पेचकसाचं टोक पाइपावर टेकवायचं, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायची, की आतली वाफ बोलते. कुठे गळती आहे, कुठे पाणी साचलंय, सगळं. सहामाही परीक्षा संपल्यापासून श्रेया तो दांडा घेऊन चाळभर हिंडत होती आणि शेजाऱ्यांच्या फ्रिजपासून देवळाच्या खांबापर्यंत सगळ्यांची तब्येत तपासत होती.

"आई? ऑफिस बंद झालं?"

"नाही. जरा काम राहिलंय."

"मग केळी?"

"खा. आणि बोलू नकोस थोडा वेळ."

आत आबा पलंगावर उशीला टेकून बसले होते. त्यांनी मुलीच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं. "परत कशी गो इलस? काय विसारलस?"

"हो आबा. विसरलेच."

"डबो?"

"डबा नाही." तिने लॅपटॉप उघडला. फाइल उघडेपर्यंत तिला आईची, सुभद्राची, आठवण आली. ही खोली तशीच होती, फक्त आई नव्हती. मेघनाला नोकरी लागली तेव्हा आईने विचारलं होतं, तुझ्या कंपनीत काय बनता? मेघना म्हणाली होती, स्पिरिट. आई म्हणाली, औषधाचां? आणि मेघना गप्प राहिली होती. चार वर्षांपूर्वी आई गेली ती तसंच समजून. आबांनी मात्र एवढंच विचारलं होतं, वाफ किती खाता? मेघनाने आकडा सांगितल्यावर ते म्हणाले होते, लय झाली. कमी करूक होई. तिच्या सगळ्या शिक्षणातून, पगारातून, एवढं एक वाक्य तिच्या मागे लागलं होतं. नव्या जोडणीचं तिने त्यांना सांगितलं तेव्हा ते खुब्याचं दुखणं विसरून हसले होते. "एका वाफेकडसून दोनदा काम? म्हंजे गिरणीत आमच्याकडसून करून घेयत, तसां."

यादीत चार नावं होती. पाचव्या ओळीची जागा रिकामी. ती रिकामी ओळ बघून तिला जेवढी लाज वाटली तेवढी कधी कुणाच्या बोलण्याने वाटली नव्हती. तिने पाचवं नाव घातलं. संगणकाने विचार केला. लाल. तिने अंदाज बदलला. लाल. पावणेअकरा झाले. बाहेर डंकाचा आवाज, धप, धप, एखाद्या मोठ्या घड्याळासारखा. तिसऱ्यांदा लाल.

"काय ता तांबडां तांबडां?" आबांनी विचारलं.

मेघनाला चिडायचं होतं, पण ऐंशीच्या पुढच्या माणसावर चिडता येत नाही, आणि शेजारी श्रेया मागच्या वर्षीच्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर स्केचपेन घेऊन बसली होती, तिलाही सांगायचं होतंच कधीतरी. म्हणून तिने सांगितलं. मी तुम्हांला सांगितलं तसंच: बेचाळीस मजल्यांची चाळ, चढणारे, उतरणारे. श्रेयाने भराभर मजले काढले. गच्चीवर टोप्या घातलेले हलके लोक काढले, तळाशी ढेरपोटे जड लोक. मग थांबून विचारलं, "आणि ते मधले?"

"तेच तर सापडत नाहीयेत. मी त्यांना बाहेर काढून टाकलं होतं. हिशेब जुळेना म्हणून."

"आणि आता?"

"आता आत घेतेय तर पुन्हा जुळत नाही. सगळी चाळ गोंधळतेय."

आबांनी श्रेयाच्या चित्राकडे मान वळवली. मग म्हणाले, "किती घातलस?"

"जेवढं असतं तेवढं. सगळं."

"एकदम?"

"एकदमच घालतात आबा."

"तू घालतस. आमी नाय." त्यांनी पायावरची चादर सारखी केली, जसं काही कामावर हजर होत होते. "सोमवारी सकाळी थंड लाइनीत वाफ सोडूची असता. नवो पोरगो असलो तर वॉल्व गरकन उघडता. काय होता? पैप थंड, वाफेचां पाणी होता, पाणी धावता, नि खाडकन हातोडो बसता. माझ्या डोळ्यांदेखत जोड फुटलेलो आसा. म्हणान वॉल्व अर्धो फेरो उघडूचो. पैपाक तापांक देवचा. दांडो लावन आयकूचा. शांत झालो की आणिक अर्धो फेरो. घाई करणाऱ्याक वाफ मारता गो."

कॉलेजात हेच मेघनाला एका जाड पुस्तकातून शिकवलं होतं, अवघड नावाने, आणि परीक्षेनंतर ती ते विसरून गेली होती. पाचव्याला एकदम आत ढकलायचं नाही. शंभरावा भाग घाल. चाळ तेवढ्याने गोंधळत नाही. जुळलं, की तो जुळलेला हिशेब हाच पुढचा अंदाज. मग थोडं आणखी. तिने शंभरावा भाग घातला. ठिपका क्षणभर लाल राहिला आणि हिरवा झाला.

"आयकलस?" आबा म्हणाले.

"हो."

"आता अर्धो फेरो."

दहावा भाग. हिरवा. पाव. हिरवा, पण उशिरा, जणू कुरकुरत. अर्धा. लाल. मेघनाच्या तोंडून शिवी निघता निघता राहिली. "मागे ये," आबा म्हणाले, "बंद नको करू, वायंच मागे ये." ती मागे आली, पावावरून तिसऱ्या भागावर गेली, तिथे थांबली, तिथून अर्ध्यावर. हिरवा. सव्वाअकरा. या अर्ध्या-पाऊण तासात तिला एक चमत्कारिक गोष्ट जाणवली: भीती होती, तशीच होती, पण तीही हळूहळू तापत आलेल्या पाइपासारखी झाली होती; हातोडा बसत नव्हता. खोलीत तिघंजण एका ठिपक्याकडे बघत होते. तीन आठवड्यांपूर्वी ती एकटीच बघत होती, आणि आबा इथेच, हातभर अंतरावर, पडून होते. तिने त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. गोळी घेतलीत का, एवढंच विचारलं होतं. तिला वाटलं, माणूस आजारी पडला की आपण त्याला यादीतून काढून टाकतो, थोडा वेळ, हिशेब जुळावा म्हणून. मग तिने तो विचार बाजूला ठेवला, कारण पाऊण भाग जुळला होता आणि पुढे सबंध उरला होता.

सबंध भाग जुळायला संगणकाने अकरा सेकंद घेतले. श्रेयाने मोजले. हिरवा.

मग तिने आलेख उघडला. प्रत्येक मजल्यावर तेल किती, याची रेघ. रेघ तळापासून सरळ वर आली, चौदाव्या मजल्यापाशी जेमतेम हलली, सोळाव्याला चढू लागली आणि एकोणिसाव्याला तिने उंटासारखी पाठ वर काढली. मग उतरून गच्चीपर्यंत नाहीशी झाली. एकोणीस. तेल तिथे होतं. सगळं तिथे होतं. चौदाव्याला भोक पाडलं असतं तर त्यातून नुसती बिचारी पातळ दारू निघाली असती आणि पाच मजले वर ही मंडळी घुसमटत बसली असती. आणि वाफ? तिने आकडा बघायला डोळे किलकिले केले, मार्क बघताना करतात तसे. एकोणसत्तरच्या जागी बहात्तर. तीन भाग गेले. अठ्ठावीस अजून वाचत होते. तिने तोंडावर हात ठेवला आणि हाताच्या आत मोठ्याने श्वास सोडला.

तेव्हाच फोन वाजला. फ्लॉयड.

"काय गो मेघना! मेसेज आता बघितला. 'माझी चूक आहे'? मला वाटलं तुझा फोन कुणी चोरला."

"कापलंय का, फ्लॉयड? आधी ते सांग."

"अगं, खडूने गोल काढलाय फक्त. कटिंगवाला चहाला गेलाय, आणि तळोज्यातला चहा म्हणजे तुला माहितेय, साखरेसाठी उसाची लागवड करतात. काय झालं?"

"चौदा नाही. एकोणीस." आणि मग, थांबली तर जमणार नाही म्हणून, तिने सगळं सांगितलं. पाचवं नाव, कुकर, हिरवा ठिपका. पलीकडे शेडमधला ठणठणाट ऐकू येत होता. तिला वाटलं, आता तो ओरडेल.

"वाफ?" त्याने विचारलं.

"बहात्तर."

"चालेल. मालकाला मी सांगत नाही, तू सांगायचंस, उद्या, माझ्या शेजारी बसून. आणि एकोणीसच्या जोडीला अठराला नि वीसला पण एकेक भोक ठेवू. झाकण लावून. मशीनचा हिरवा ठिपका बरा, पण उद्या मका ओला आला तर?"

"ठेव," मेघना म्हणाली. फळ्यावर पुसलेली भोकं तिला दिसली, आणि बरं वाटलं. "चिंतामणीसारखा कुणी असेल तिथे, त्याला कॉक लागेल."

"कोण चिंतामणी?"

"सांगेन."

"बरं. आणि ऐक, हे सापडलं कसं तुला? सकाळी सकाळी?"

"केळी," ती म्हणाली. फ्लॉयड म्हणाला, "तू आज घरीच थांब हां," आणि हसत फोन ठेवला.

मेघनाने पाठ भिंतीला टेकली. भिंत थंड होती. कितीतरी दिवसांनी तिला भिंत थंड असल्याचं कळलं, डंकाचा आवाज वेगळा आणि पंख्याचा वेगळा कळला, भूक लागल्याचं कळलं. तिने एक केळं सोललं. साल काळीकुट्ट होती, आत खरंच साखर होती. मालन खोटं बोलली नव्हती. तोच वास, ज्याने सकाळी चूक आठवून दिली होती, आता नुसत्या केळ्याचा झाला. आबांनीही एक घेतलं आणि बोळक्या तोंडाने चघळत म्हणाले, "त्या मंगळवारी मीच ओराडलंय. वाफ गळता म्हणान. तेच्यानच विसारलस तू."

"गळत होती ना पण खरंच?"

"गळत तर होतीच."

"मग झालं तर."

आबा हसले. मग एकदम बोट वर करून, जुन्या मुकादमाच्या आवाजात म्हणाले, "पण एक गजाल ध्यानात ठेव. दिवो हिरवो असो नायतर तांबडो. कान लावल्याबिगर 'बरां आसा' म्हणान वहीत लिवचा नाय."

ते मेघनाला सांगत होते, पण ऐकत होती श्रेया. तिने एव्हाना आपल्या चाळीच्या एकोणिसाव्या मजल्यावर एक दार काढलं होतं, दाराला कडी, आणि दारातून केळी खात बाहेर पडणारी माणसांची रांग. तिने स्केचपेनाला टोपण लावलं. हात फ्रॉकला पुसले. कोपऱ्यात ठेवलेला आबांचा दांडा उचलला आणि आईच्या मांडीवरच्या लॅपटॉपपाशी येऊन गुडघ्यांवर बसली. दांड्याचं टोक तिने अगदी हलकेच, हिरव्या ठिपक्याच्या बाजूला टेकवलं आणि लाकडी मूठ कानामागे लावली.

"काय ऐकू येतंय गं?" मेघनाने विचारलं.

"श्श्," श्रेया म्हणाली, मोकळा हात वर करून, आबा करतात तसा. मग तिने डोळे मिटले आणि ऐकत राहिली.